बापाची रजा आणि बापाचा पगार : वाचकांचे प्रश्न

मूल झाल्यावर वडिलांना मिळणाऱ्या रजेविषयी आणि त्या काळातील पगाराविषयी आलेल्या पत्रांतून सहा पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत, प्रश्न मात्र त्यांचेच आहेत.

प्रश्न : मी पुण्यातील एका खासगी माहिती तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करतो. पत्नीची प्रसूती दोन महिन्यांवर आली आहे. कंपनीच्या धोरणात पाच दिवसांची सवेतन पितृत्व रजा लिहिलेली आहे, पण माझ्या व्यवस्थापकांनी तोंडी सांगितले की, प्रकल्प ऐन भरात असल्यामुळे रजा मिळणार नाही आणि घेतली तर पगार कापला जाईल. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळतात, मग कायद्याने मलाही तेवढेच मिळायला नकोत का? दाद कुठे मागावी?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही, पण पुढची सगळी पावले त्यावर अवलंबून असल्यामुळे ते आधीच सांगतो. खासगी क्षेत्रातील पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्व रजा दिलीच पाहिजे, असे सांगणारा केंद्रीय कायदा आपल्या देशात नाही. 1961 चा मातृत्व लाभ कायदा नावाप्रमाणे स्त्री कर्मचाऱ्यांपुरता होता. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची सवेतन रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली आणि 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली, परंतु वडिलांविषयी त्या दुरुस्तीत एक ओळही आली नाही. संसदेने 2020 मध्ये संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही प्रकरण आहे ते मातृत्व लाभाचेच. त्याच 2017 मध्ये हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते आणि त्यात असंघटित क्षेत्रातील पुरुषांचाही विचार केलेला होता. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही.

न्यायालयांचे निर्णय आपल्या बाजूने वळवता येतील का, असाही प्रश्न आपल्याला पडेल. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये एका विनाअनुदानित खासगी शाळेतील शिक्षकाचा पितृत्व रजेचा हक्क मान्य केला, हे खरे आहे. मात्र त्या निर्णयाचा पाया दिल्लीच्या शालेय शिक्षण कायद्यात होता, कारण तेथे मान्यताप्राप्त खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांना सरकारी शाळांच्या बरोबरीच्या सेवाशर्ती देण्याची तरतूद आहे. आपल्या कंपनीला असा कोणताही कायदा सरकारी कार्यालयाशी जोडत नाही. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एका पोलीस निरीक्षकाच्या प्रकरणात पितृत्व रजेसाठी स्वतंत्र कायदा करण्याची गरज बोलून दाखवली. ते मत मोलाचे आहे, पण ज्या अर्थी कायदा हवा असे न्यायालयाला म्हणावे लागते, त्या अर्थी तो आज नाही, हेही त्यातून स्पष्ट होते.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू, आणि जे आहे ते कमी नाही. पाच दिवसांची सवेतन रजा कंपनीने स्वतःच्या धोरणात लिहिली आहे. आपले नियुक्तिपत्र काढून पाहा. त्यात बहुधा ‘कंपनीची वेळोवेळीची धोरणे लागू राहतील’ असे वाक्य सापडेल, आणि ते सापडले तर ही रजा आपल्या सेवाशर्तीचा भाग आहे असे आपण ठामपणे म्हणू शकता. लेखी धोरणावर एका व्यवस्थापकाच्या तोंडी शब्दाने पाणी पडत नाही. म्हणून आजच धोरणाची प्रत स्वतःकडे जपून ठेवा, प्रसूतीची अपेक्षित तारीख नमूद करून रजेचा अर्ज ईमेलने व्यवस्थापकांना करा आणि त्याची प्रत मनुष्यबळ विभागाला द्या. नकार द्यायचा असेल तर तो कारणासह लेखी द्यावा, अशी विनंती त्याच अर्जात नम्रपणे करा. तोंडी नकार देणारे अनेकजण कागदावर नकार लिहायला तयार नसतात, त्यामुळे बऱ्याच वेळा विषय येथेच मिटतो.

तरीही पगार कापला गेला, तर वेतनचिठ्ठीसह मनुष्यबळ विभागाकडे लेखी तक्रार करावी. आपल्या कामाचे स्वरूप पाहता आपण कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरत असाल, तर त्यापुढे कामगार आयुक्त कार्यालयाचा मार्ग आहे. काम व्यवस्थापकीय स्वरूपाचे असेल तर मात्र कराराच्या आधारे वकिलामार्फत नोटीस देणे एवढाच मार्ग उरतो, आणि पाच दिवसांच्या पगारासाठी तो किती ताणावा हे आपणच ठरवायचे आहे. शिवाय पाच दिवसांवर थांबण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा जेथे लागू आहे, तेथे वर्षाला 8 दिवसांची सवेतन नैमित्तिक रजा मिळते, आणि वर्षात 240 दिवस काम केलेल्यास दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस या हिशेबाने अर्जित रजा जमा होते. ही अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. पितृत्व रजेला जोडून ती मागा, आणि आत्ताच मागा, कारण प्रसूतीनंतर रुग्णालयाच्या दारातून पाठवलेल्या अर्जापेक्षा दोन महिने आधी दिलेला अर्ज नाकारणे अवघड जाते.

प्रश्न : मी केंद्र सरकारच्या कार्यालयात नोकरीस आहे. आमचे पहिलेच मूल. पत्नी रीतीप्रमाणे बाळंतपणासाठी माहेरी गेली, प्रसूतीच्या वेळी मी चार दिवस किरकोळ रजा काढून जाऊन आलो. आता बाळ साडेतीन महिन्यांचे झाले असून दोघे पुढच्या आठवड्यात घरी येणार आहेत. पितृत्व रजेचा अर्ज दिला, तेव्हा आस्थापना शाखेतील सहकारी म्हणाले की, ही रजा प्रसूतीच्या वेळीच घ्यायची असते, आता ती गेली. घरातही आई म्हणते, मी आहे ना, तुला रजेची काय गरज? माझी रजा खरोखर बुडाली का?

उत्तर : बुडालेली नाही. केंद्रीय नागरी सेवा रजा नियम, 1972 मधील नियम 43-अ आपल्या सहकाऱ्यांना दाखवा. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, आणि ती प्रसूतीच्या आधी 15 दिवसांपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. आपले बाळ साडेतीन महिन्यांचे आहे, म्हणजे आपल्याकडे अजून अडीच महिने आहेत. ही मुदत उलटली तर मात्र रजा रद्द झाली असे समजले जाते आणि पुढे ती कोणत्याही नावाने परत मिळत नाही, त्यामुळे आता आणखी उशीर करू नये.

या रजेतला पगार रजेवर जाण्याआधी लगेचच्या काळात जो मिळत होता तोच राहतो. रजा आपल्या रजा खात्यातून वजा होत नाही, म्हणजे अर्जित रजेची शिल्लक जशीच्या तशी राहते. इतर प्रकारच्या रजेला जोडूनही ती घेता येते. आणखी एक वाक्य नियमात आहे आणि ते आपण अर्जात उद्धृत करावे असे मला वाटते : ही रजा सर्वसाधारणपणे कोणत्याही परिस्थितीत नाकारली जाऊ नये. इतक्या स्पष्ट भाषेत लिहिलेली रजा सरकारी नियमांत फार थोडी आहे. केंद्राने 1997 मध्ये ही सवलत सुरू केली, तरीही इतक्या वर्षांनंतर आस्थापना शाखेत असे गैरसमज आढळतात, याचे एक कारण असे की पुरुष कर्मचारी ती मागतच नाहीत आणि त्यामुळे तिचे नियम कोणाच्या हाताखालून जात नाहीत.

आता आपल्या आईंच्या म्हणण्याविषयी. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीत बाळंतिणीच्या विश्रांतीसाठी आहे आणि तिच्यात शहाणपण आहे. पण त्या रीतीमुळे एक गोष्ट घडते. शेकशेगडी, तेलमालिश, रात्रीची जागरणे, बाळाच्या रडण्याचे अर्थ ओळखणे हे सगळे पहिल्या तीन महिन्यांत माहेरच्या घरात शिकले जाते, आणि ते शिकणाऱ्यांत बाळाचा बाप नसतो. मग एक दिवस पत्नी आणि बाळ घरी येतात. ज्या माणसांनी तिला आतापर्यंत सांभाळले ती मागे राहिलेली असतात, आणि नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय गाठायचे असते. प्रसूतीच्या दिवसानंतर बाळंतिणीला आधाराची सर्वाधिक गरज लागते ती याच आठवड्यात, असे माझे ठाम मत आहे. प्रसूतीनंतरचे मानसिक खचणे पहिल्या काही आठवड्यांतच संपते असेही नाही. पुढच्या महिन्यांतही ते सुरू होऊ शकते, आणि ते आधी लक्षात येते ते जवळ राहणाऱ्या माणसाला. नियमातील सहा महिन्यांची मुदत आपल्या रीतीशी उत्तम जुळते. पत्नी व बाळ घरी येतील त्या दिवसापासून 15 दिवसांची रजा घ्या. आपल्या आई घरात आहेत ही आनंदाची बाब आहे, पण बाळाला न्हाऊ घालणे आणि रात्री दोन वाजता उठणे हे आपल्याला शिकायचे असेल तर ते आईंच्या हाताखाली शिकण्यासाठीही आपण घरी असायलाच हवे.

प्रश्न : मीही केंद्रीय कर्मचारी आहे. आम्ही दहा महिन्यांची मुलगी दत्तक घेतली आहे. प्रसूती झालेली नसल्यामुळे मला पितृत्व रजा लागू नाही, असे कार्यालयाचे म्हणणे आहे.

उत्तर : कार्यालयाचे म्हणणे चुकीचे आहे. त्याच नियमावलीतील नियम 43-अअ खास दत्तक पित्यासाठी आहे. एक वर्षाखालील मूल विधिवत दत्तक घेतल्यास, आणि कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असल्यास, दत्तकाच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत 15 दिवसांची रजा मिळते. वेतनाची तरतूद जन्मदात्या पित्यासारखीच आहे. दत्तक आदेशाची प्रत आणि मुलीच्या जन्मतारखेचा पुरावा अर्जासोबत जोडा, कारण या नियमात वयाची अट महत्त्वाची आहे. अनाथालयातून घरी आलेल्या लेकराला नव्या माणसांच्या वासाची, आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून ही रजा जितक्या लवकर घेता येईल तितकी चांगली. जाता जाता हेही सांगतो की, जून 2024 च्या दुरुस्तीने सरोगसीच्या मार्गाने मूल झालेल्या केंद्रीय कर्मचारी पित्यालाही 15 दिवसांची रजा मिळू लागली आहे.

प्रश्न : मी राज्य शासनाच्या कार्यालयात आहे. दीड वर्षापूर्वी पत्नीचे निधन झाले. मुलगा चार वर्षांचा आहे आणि सारखा आजारी पडतो. माझी अर्जित रजा संपत आली आहे. वडिलांसाठी काही तरतूद आहे का?

उत्तर : आहे, आणि ती आपल्याला कोणी सांगितली नाही याचे वाईट वाटते. राज्य शासनाने 23 जुलै 2018 च्या शासन निर्णयाने बालसंगोपन रजा सुरू केली. ती महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि त्याबरोबरच ज्या पुरुष कर्मचाऱ्याची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली आहे, त्यालाही ती मिळते. मूल 18 वर्षांचे होईपर्यंत संपूर्ण सेवेत 180 दिवसांची ही रजा टप्प्याटप्प्याने घेता येते. पत्नीचा मृत्यू दाखला आणि मुलाचा जन्म दाखला जोडून कार्यालयप्रमुखांकडे अर्ज करा आणि शासन निर्णयाची प्रतही सोबत द्या. मुलाचे आजारपण लक्षात घेता सगळी रजा एकदम संपवू नये, असा माझा सल्ला आहे. शाळेची पहिली काही वर्षे अजून पुढे आहेत.

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हीच रजा 730 दिवसांची आहे. डिसेंबर 2018 पासून ती अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित अशा एकल पुरुष कर्मचाऱ्यालाही मिळते. पहिल्या 365 दिवसांना पूर्ण वेतन आणि पुढील 365 दिवसांना 80 टक्के वेतन मिळते. केंद्राचा नियम राज्याच्या कर्मचाऱ्याला आपोआप लागू होत नाही, त्यामुळे आपण मागणी 180 दिवसांचीच करावी.

या दोन्ही नियमांत एक गोष्ट मला खटकते आणि ती येथे नोंदवतो. मुलाच्या संगोपनासाठी पुरुषाला मोठी रजा मिळते ती पत्नी नसली किंवा अंथरुणाला खिळली तरच. पत्नी धडधाकट असेल तर बापाच्या वाटणीला संगोपन येतच नाही, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलेले आहे. घरात दोघेही कमावते असताना या गृहीतकाचा भार एकाच माणसावर पडतो, आणि ते माणूस म्हणजे आई.

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करतो. पगार महिन्याला 16 हजार रुपये, त्यातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होते. बायकोचे दिवस भरत आले आहेत. दोन आठवडे घरी राहिलो तर खाडे धरून पगार कापतील. बाप म्हणून मला कुठून काही पगार मिळेल का?

उत्तर : पितृत्व रजेचा पगार ठेकेदाराकडून किंवा ईएसआयकडून मिळण्याची तरतूद नाही. ईएसआयचा मातृत्व लाभ विमाधारक स्त्रीला मिळतो, विमाधारक पुरुषाला नाही. ज्याच्या हातावर पोट आहे त्याच्यासाठी कायद्याने काहीच ठेवलेले नाही, ही या विषयातील सर्वांत मोठी उणीव आहे असे मी मानतो. मात्र तीन गोष्टी आपण लगेच करू शकता.

पहिली गोष्ट साठलेल्या रजेची. कारखान्यातील कामगाराला दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस सवेतन रजा मिळते, आणि ठेकेदारामार्फत काम करणाराही कामगारच असतो. वर्षात 300 दिवस भरले असतील तर 15 दिवस होतात. ठेकेदाराकडे हजेरी आणि रजेचा हिशेब मागा आणि अर्ज आधीच लेखी द्या, म्हणजे त्या दिवसांना खाडे म्हणता येणार नाही.

दुसरे असे की, आपल्या कपातीच्या बळावर पत्नीचे उपचार आणि प्रसूती ईएसआयच्या रुग्णालयात होऊ शकतात. तिचे नाव आपल्या विमा क्रमांकाखाली कुटुंबीय म्हणून नोंदलेले आहे का, ते आजच तपासा. घराजवळ ईएसआयची सोय नसल्यामुळे प्रसूती अन्यत्र करावी लागली, तर प्रसूतीखर्चापोटी ठरावीक रक्कम विमाधारक पुरुषाच्या पत्नीसाठीही मिळते. नाव नोंदवणे राहून गेल्यामुळे ऐन वेळी खासगी दवाखान्याचे बिल भरावे लागणे, हे दोन आठवड्यांचा पगार जाण्यापेक्षा अधिक महागात पडते.

तिसरी गोष्ट पत्नीच्या नावावर येणाऱ्या पैशांची. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000 रुपये मिळतात. रक्कम मातेच्या बँक खात्यात जमा होते. आपल्या भागातील आशा सेविका किंवा अंगणवाडी सेविका पात्रतेची आणि कागदपत्रांची माहिती देतील. आपण घरी राहिल्यामुळे बुडणाऱ्या रोजाची ही भरपाई नव्हे, पण त्या महिन्याचा ताण या रकमेने थोडा हलका होईल.

प्रश्न : माझे पती महाविद्यालयात प्राध्यापक आहेत. मला सातवा महिना सुरू आहे. रजा मिळत असूनही ती घ्यायला ते संकोचतात. सहकारी हसतील, विद्यार्थ्यांचे नुकसान होईल, असे म्हणतात. त्यांना काय सांगू?

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत पुरुष शिक्षकांसाठी पत्नीच्या प्रसूतीच्या काळात 15 दिवसांची पितृत्व रजा आहे आणि ती दोन अपत्यांपर्यंत मिळते. त्यांच्या विद्यापीठाने ही तरतूद आपल्या नियमांत कशी घेतली आहे, ते कुलसचिव कार्यालयातून समजेल. विद्यार्थ्यांच्या नुकसानीची काळजी योग्य आहे, पण तिच्यावर उपाय आहे. तारखेचा अंदाज तीन महिने आधीपासून असल्यामुळे तासिकांची अदलाबदल आत्ताच ठरवता येते. अचानक आलेल्या आजारपणात ही सोय नसते, आणि तरीही महाविद्यालये चालतात.

संकोचाविषयी एवढेच सांगतो. स्वीडनने 1974 मध्ये मातृत्व रजेच्या जागी आई-वडील दोघांसाठी रजा आणली, तरी वडील ती घेत नव्हते, सगळी रजा आईच्याच नावावर जात होती. 1995 मध्ये तिच्यातील एक महिना प्रत्येक पालकासाठी राखून ठेवला गेला. तो महिना वडिलांनी घेतला नाही तर वाया जाई, आईला देता येत नसे. त्यानंतर वडील घरी राहू लागले. आज तेथील 480 दिवसांपैकी 90 दिवस प्रत्येक पालकाचे राखीव आहेत. म्हणजे संकोच फक्त आपल्याकडच्या पुरुषांना वाटतो असे नाही, आणि घेतली नाही तर बुडणारी रजा असेल तर तो कमी होतो, असा तेथील अनुभव आहे. आपल्या पतींची रजाही तशीच आहे : त्यांनी घेतली नाही तर ती आपल्याला मिळणार नाही, साठणारही नाही. त्यांनी अर्ज आत्ताच द्यावा, प्रसूतीची तारीख पुढेमागे होऊ शकते असे त्यात नमूद करावे, आणि बाळ झाल्यावर रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत कार्यालयात जमा करावी.